चेरोकींचा कागद आणि कागदाबाहेरची माणसं

चेरोकींचं नाव निघालं की आपली मंडळी थेट १८३८ सालात जाऊन बसतात. संगिनीच्या धाकानं घराबाहेर काढलेली माणसं, कुंपणात कोंडलेली बायापोरं, मग शेकडो मैलांची चाल आणि वाटेत पुरलेली प्रेतं. मेलेल्यांचा आकडा चार हजारांच्या आसपास सांगतात. हे ऐकलं की बैठकीत सगळे गप्प होतात. कुणीतरी उसासा टाकतो. मग चहा येतो.

मला या गप्प बसण्याचा कंटाळा आलाय. ही माणसं त्या चालीच्या आधीची पन्नास वर्षं गप्प नव्हती. बोलत होती, भांडत होती, लिहीत होती. तह, अर्ज, कायदे, राज्यघटना, वर्तमानपत्र, कोर्टातली कैफियत, एवढा मोठा कागद त्यांनी मागं ठेवला आणि आपण त्यांच्याकडून फक्त रडणं उचलतो. गोऱ्या अमेरिकेलाही तेच सोयीचं आहे. रडणाऱ्या इंडियनाचा पुतळा करता येतो. वाद घालणाऱ्याचं काय करायचं?

म्हणून मी इथं समीक्षा करतोय ती या कागदांची. हे वाङ्मय आहे का, असं कुणी विचारील. प्रस्थापित समीक्षेला ते वाटणार नाही. तिला प्रतिमा पाहिजे, लय पाहिजे, अनुभवाचं सौंदर्य पाहिजे. कलम सातमध्ये कसलं आलंय सौंदर्य, असं ती म्हणेल. म्हणू दे. ज्यांच्या बापजाद्यांचं जगणं तलाठ्याच्या दप्तरातल्या एका नोंदीवर हललं, त्यांना कलम वाचायला शिकवावं लागत नाही. मी प्रत्येक कागदाला दोनच गोष्टी विचारल्या. यातला ‘आम्ही’ म्हणजे कोण? आणि हा कागद पाळायला लावणारा हात कुणाचा?

तहापासून सुरुवात करू. होपवेलचा तह १७८५ चा, दक्षिण कॅरोलिनात कीओवी नदीकाठी झालेला. इंग्रजांविरुद्धची लढाई अमेरिकनांनी नुकतीच जिंकली होती आणि बहुतेक चेरोकी इंग्रजांच्या बाजूनं लढले होते. मजकूर इंग्रजीत. चेरोकींना तेव्हा लिपी नव्हती. दुभाषा सांगेल ते ऐकायचं आणि आपल्या नावापुढं खूण करायची. या तहात एक कलम आहे की चेरोकींना काँग्रेसमध्ये आपला प्रतिनिधी पाठवता येईल. आणि त्याच तहात दुसरं कलम आहे की चेरोकींचा व्यापार आणि सगळा कारभार बघायचा अधिकार काँग्रेसचा, तिला योग्य वाटेल तसा. दोन्ही कलमं एकाच कागदावर, एकाच सहीखाली.

होल्स्टनचा तह १७९१ चा. यातल्या सातव्या कलमात उरलेल्या जमिनीची हमी आहे. लोक हेच कलम उचलून धरतात. मला चौदावं कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यात म्हटलंय की चेरोकींनी सुधारावं, शिकार सोडून गुरं पाळावीत, शेती करावी, आणि त्यासाठी सरकार त्यांना अवजारं फुकट देईल. एवढी दया का बरं? शिकाऱ्याला मोठं रान लागतं. शेतकऱ्याला थोडक्या जमिनीत भागवता येतं. मग उरलेलं रान विकायला मोकळं. शिवाय या कलमात एक धडधडीत खोटं गृहीत धरलेलं आहे. चेरोकी बाया कित्येक पिढ्या मका, शेंगा, भोपळा पिकवत होत्या. गावाभोवती त्यांची शेतं होती. पण पुरुषानं नांगर धरला म्हणजेच शेती, अशी तह लिहिणाऱ्याची समजूत. बाईनं पिकवलेलं धान्य त्याच्या इंग्रजीत दिसतच नाही.

पुढं १८०२ मध्ये याच केंद्र सरकारनं जॉर्जिया राज्याला लिहून दिलं की तुम्ही तुमच्या पश्चिमेकडच्या मुलखावरचा दावा सोडा, आम्ही तुमच्या हद्दीतली इंडियनांची जमीन तुम्हाला मोकळी करून देऊ. शांततेनं, वाजवी अटींवर, जमेल तेव्हा. म्हणजे तीच जमीन दोघांना लिहून दिलेली. आपल्या गावात असं खरेदीखत करणारा आत जातो. तिकडं त्याला संघराज्य म्हणतात.

आणि १८२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात निकाल दिला. भांडण गोऱ्या दावेदारांचं. जमीन इलिनॉय आणि पियानकेशॉ लोकांनी विकलेली. ते लोक कोर्टात नाहीतच, ना वादी, ना प्रतिवादी. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी सांगितलं की ज्या युरोपियन सत्तेनं मुलूख शोधून काढला, मालकी तिची. इंडियनांकडं राहते ती फक्त वहिवाट. ‘शोधून काढला’ हा शब्द पहा. जिथं माणसं राहतायत, शेतं आहेत, गावं आहेत, ते शोधून काढायचं म्हणजे काय? मार्शल हुशार. ते निकालातच कबूल करून टाकतात की विजयानं मिळालेला हक्क जिंकणाऱ्याच्याच कोर्टाला नाकारता येत नाही. इतका उघड कागद मी दुसरा वाचलेला नाही. आपल्याकडचे ग्रंथ निदान देवाचं नाव पुढं करतात.

०००

आता चेरोकींनी लिहिलेल्या कागदांकडं येऊ.

सेक्वोया नावाच्या माणसानं १८२१ च्या सुमाराला चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली. पंच्याऐंशी-शहाऐंशी अक्षरं. या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. इंग्रजी छापलेल्या कागदावरचे काही आकार त्यानं घेतले, त्यांचे आवाज टाकून दिले आणि आपले आवाज भरले. काही वर्षांतच साधी माणसं एकमेकांना पत्रं लिहायला लागली. जगात असं फार कमी वेळा झालंय.

एलायस बूडिनॉट हा शिकलेला चेरोकी तरुण. कनेक्टिकटमधल्या कॉर्नवॉल गावच्या मिशन शाळेत होता. १८२६ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये तो गोऱ्यांपुढं भाषण करायला उभा राहिला. छापखाना आणि शाळा यांसाठी पैसे पाहिजे होते. ते भाषण पुस्तिका म्हणून छापलं गेलं. त्यात त्यानं चेरोकींच्या प्रगतीची मोजदाद दिली आहे. २२,००० गुरं, ७,६०० घोडे, ४६,००० डुकरं, २,५०० मेंढ्या, ७६२ माग, २,४८८ चरखे, २,९४३ नांगर, ६२ लोहारांची दुकानं, १८ शाळा.

मी ही यादी परत परत वाचली. ही यादी म्हणजे होल्स्टनच्या चौदाव्या कलमाला दिलेलं उत्तर आहे. तुम्ही सुधारा म्हणालात, हे घ्या, सुधारलो, मोजून घ्या. परीक्षकानं पेपर काढला आणि पोरानं सगळे प्रश्न सोडवून दिले. पण या यादीत एक आकडा नाही. त्याच सुमाराला चेरोकींनी स्वतः जी खानेसुमारी केली तिच्यात १,२७७ काळे गुलाम नोंदलेले आहेत. बूडिनॉटनं नांगर मोजले, चरखे मोजले, डुकरं मोजली. त्यातले कितीतरी नांगर ज्यांच्या हातात होते ती माणसं यादीत आली नाहीत. विसरला असेल असं मला वाटत नाही. फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधी क्वेकर बरेच होते. कुठं काय बोलायचं नाही हे त्याला चांगलं कळत होतं.

दोस्तहो, इथं थांबायला पाहिजे. आपण चेरोकींना आपल्या बाजूचे मानतो. मानायलाच पाहिजे. पण मग त्यांचा पुढचा कागद मान खाली न घालता वाचला पाहिजे.

१८२७ च्या जुलैमध्ये न्यू एकोटा या राजधानीत चेरोकींनी आपली राज्यघटना केली. साचा अमेरिकेच्या घटनेचा. पहिल्याच भागात जमिनीबद्दल लिहिलंय: जमीन सगळ्या राष्ट्राची सामाईक, पण तिच्यावर ज्यानं घर बांधलं, कुंपण घातलं, मशागत केली ती त्याची खाजगी. आणि हे घरदार अमेरिकेला किंवा कुठल्या राज्याला विकायचा हक्क कुणालाही नाही. हे कलम मी दहा वेळा वाचलं आणि दहाही वेळा आवडलं. एकेका माणसाला दारू पाजून, लाच देऊन जमीन लिहून घ्यायची गोऱ्यांची युक्ती या एका कलमानं बंद केली. पण याच कलमाला दुसरी बाजू आहे. जमीन सामाईक, मशागत खाजगी, तर मग ज्याच्याकडं शंभर गुलाम तो सामाईक जमिनीचा केवढा तुकडा कुंपणात घेईल? आणि ज्याच्याकडं फक्त बायको-पोरं आहेत तो केवढा? बहुतेक चेरोकी कुटुंबांकडं गुलाम नव्हते. घटना लिहायला बसलेल्या पुढाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडं होते.

मग तिसऱ्या भागात मतदार कोण ते येतं. स्वतंत्र पुरुष नागरिक, अठरा वर्षांवरचे. बाया नाहीत. ज्या समाजात कूळ आईकडून चालायचं, त्यातून एका ओळीत बाया गेल्या. १८१७ साली याच बायांनी, नॅन्सी वॉर्ड या म्हातारीच्या पुढाकारानं, पुरुषांच्या कौन्सिलला लेखी बजावलं होतं की आता जमीन विकू नका. दहा वर्षांनी त्यांना मत नाही. आणि मतदारांतून आणखी वगळले ते काळे, आणि काळ्या आईला गोऱ्यापासून किंवा इंडियनापासून झालेली मुलं, जरी ती स्वतंत्र झालेली असली तरी.

हे वगळणं कसं चालायचं ते एका घटनेतून कळतं. शूबूट्स नावाचा एक नामांकित चेरोकी लढवय्या होता. डॉल नावाच्या काळ्या गुलाम बाईपासून त्याला मुलं झाली. जुन्या रीतीनं मूल आईच्या कुळाचं. आईच गुलाम आणि परकी म्हटल्यावर मुलांना कूळ नाही. कूळ नाही म्हणजे चेरोकी नाही. आणि बापाच्या मालमत्तेत ती मुलं स्वतःच मालमत्ता. १८२४ मध्ये म्हाताऱ्या शूबूट्सनं कौन्सिलकडं अर्ज केला की माझ्या तीन मुलांना मोकळं करा, त्यांना नागरिक माना. माझ्यामागं माझं हाडमांस विकलं जाऊ नये, असा त्याचा भाव. कौन्सिलनं मान्य केलं. एक अट घातली: या बाईपासून यापुढं मुलं होऊ द्यायची नाहीत. आणि त्याच नोव्हेंबरात काही दिवसांनी कायदा केला की काळ्या गुलामांशी चेरोकींनी किंवा गोऱ्यांनी लग्न करायचं नाही. शूबूट्सला पुढं आणखी दोन मुलं झाली. तो मेल्यावर त्याच्या बहिणींनी त्या दोघांना मोकळं करायचा अर्ज केला. नामंजूर झाला.

डॉलचा स्वतःचा शब्द या सगळ्या कागदांत कुठं आहे? अर्ज बापाचा, अट कौन्सिलची, दुसरा अर्ज आत्यांचा.

आता याच्या शेजारी बूडिनॉटचं लग्न ठेवा. १८२६ मध्येच त्यानं कॉर्नवॉलच्या हॅरिएट गोल्ड या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा गावानं दोघांचे पुतळे जाळले. जाळणाऱ्यांत मुलीचा सख्खा भाऊ होता. मिशनची शाळाच बंद पडली. धर्म शिकवा, इंग्रजी शिकवा, पण पोरगी मागू नका. गोऱ्या गावाचं हे रूप बूडिनॉटनं अंगावर घेतलेलं. आणि त्याच्याच राष्ट्राच्या कायद्यात, दोनच वर्षं आधी, तीच भिंत एक पायरी खाली बांधलेली. मला इथं पायऱ्यांच्या उतरंडीबद्दल आणखी लिहायची गरज नाही. वाचणाऱ्याला ती ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, मग गेली जमीन तर गेली, तेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. असं म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका. जॉर्जियानं जमीन घेतली ती गुलामांच्या कळवळ्यानं नव्हे. जमीन मिळाल्यावर तिथं कापसाचे मळे आणि आणखी गुलाम आले.

०००

१८२८ नंतरचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. चेरोकींच्या मुलखात सोनं सापडलं. जॉर्जियानं कायदे करून १ जून १८३० पासून चेरोकींचे सगळे कायदे रद्द ठरवले. कोर्टात गोऱ्याविरुद्ध इंडियनाची साक्ष चालणार नाही असं केलं. साक्षच नाही म्हटल्यावर घर लुटलं तरी गुन्हा सिद्ध कसा होणार? अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष. त्यांचा हुसकावणीचा कायदा मे १८३० मध्ये प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी पास झाला. कॉर्न टॅसल नावाच्या चेरोकी माणसाला जॉर्जियाच्या कोर्टानं फाशी सुनावली. सुप्रीम कोर्टानं प्रकरण आपल्याकडं मागवलं. जॉर्जियानं तो हुकूम बाजूला सारून २४ डिसेंबर १८३० ला त्याला लटकवला. १८३२ मध्ये तर चेरोकींची जमीन सोडत काढून वाटली, १६० एकरांचे तुकडे शेतीला आणि ४० एकरांचे सोन्यासाठी. लॉटरी! मालक घरात बसलेला आणि बाहेर त्याच्या घराचा नंबर निघतोय.

चेरोकी कोर्टात गेले. १८३१ चा निकाल मार्शल यांचाच. चेरोकी हे राष्ट्र आहे का? आहे. परकं राष्ट्र आहे का? नाही. ते देशांतर्गत परावलंबी राष्ट्र आहे, आणि अमेरिकेशी त्याचं नातं पाल्याचं पालकाशी असतं तसं. म्हणून त्याला या कोर्टात दावा लावता येत नाही. मराठीत सांगायचं तर पदरी बाळगलेलं राष्ट्र. आणि गंमत अशी की पालकानं पाल्याचं घर विकलं तर पाल्यानं दाद कुठं मागायची हे मात्र लिहिलेलं नाही.

पुढच्याच वर्षी वूस्टर विरुद्ध जॉर्जिया. सॅम्युएल वूस्टर हा गोरा मिशनरी. जॉर्जियाच्या परवान्याशिवाय चेरोकींत राहिला म्हणून चार वर्षं सक्तमजुरी. या खटल्यात ३ मार्च १८३२ ला मार्शल यांनी सांगितलं की चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. लक्षात घ्या, राष्ट्राच्या नावावरचा दावा दाखल झाला नाही. गोऱ्याच्या नावावरचा जिंकला.

पण समीक्षक म्हणून मला या निकालातला एक उतारा फार मोलाचा वाटतो. होपवेलच्या तहात जमीन चेरोकींना ‘वाटून दिली’ अशा अर्थाचा शब्द आहे. जॉर्जियाची बाजू म्हणणार, दिली म्हणजे देणारा मालक. मार्शल विचारतात की ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं, जे आमच्या भाषेचे जाणकार नव्हते, त्यांनी ‘वाटून दिली’ आणि ‘हद्द आखली’ यातला फरक ओळखला असेल असं मानायचं का? ही खरी समीक्षा. शब्द कोशात काय आहे एवढंच बघायचं नाही. तो कुणी उच्चारला, कुणी ऐकला, ऐकणाऱ्याच्या हातात काय होतं, ते बघायचं. नऊ वर्षांपूर्वी ‘शोधून काढला’ या शब्दाला हा प्रश्न मार्शल यांनी विचारला असता तर?

निकाल लागला आणि पाळला गेला नाही. जॅक्सन यांच्या नावावर एक वाक्य खपवतात, की मार्शलनं निकाल दिलाय तर अंमलही त्यानंच करावा. ते वाक्य तेव्हाचं नाही. तीसएक वर्षांनी छापलेल्या एका पुस्तकातून ते पसरलं. त्याची गरजही नाही. काही न बोलताच काम झालं. वूस्टर जानेवारी १८३३ पर्यंत तुरुंगात होते आणि सुटले ते गव्हर्नरच्या माफीवर. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवरच्या व्याख्यानात हेच मांडलं होतं की हक्क राखते ती समाजाची सदसद्विवेकबुद्धी. समाजच हक्कांच्या विरोधात उभा राहिला तर कायदा आणि कोर्ट त्यांना वाचवू शकत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढं ओक्लाहोमातल्या, चेरोकींच्याच राखीव मुलखातल्या गुन्ह्याचा प्रश्न आला तेव्हा बहुमतानं लिहिलं की वूस्टरच्या काळचा तो विचार एकोणिसाव्या शतकातच सोडून दिलेला आहे. म्हणजे जो निकाल पाळलाच नाही तो कालबाह्यही झाला.

०००

नियतकालिक चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक प्रकरण नीट बघायला पाहिजे. २१ फेब्रुवारी १८२८ ला ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र निघालं. संपादक बूडिनॉट. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला सेक्वोयाची लिपी. चेरोकी टाइप बोस्टनहून ओतून आणलेले. पैसे राष्ट्राच्या कौन्सिलचे. चार वर्षं हे पत्र जॉर्जियाविरुद्ध लढलं. १८३२ मध्ये, कोर्ट जिंकूनही काही होत नाही हे दिसल्यावर, बूडिनॉटचं मत फिरलं. आता तह करून पश्चिमेला जावं, नाहीतर सगळेच मरतील, असं त्याला वाटायला लागलं. मुख्य नेते जॉन रॉस यांनी सांगितलं की राष्ट्राच्या पत्रात असा फुटीचा मजकूर येणार नाही. बूडिनॉटनं राजीनामा दिला. त्याचं म्हणणं, लोकांना खरी परिस्थिती सांगायची नाही तर पत्र कशाला?

कोण बरोबर? आपल्याकडं असा वाद निघाला की पटकन एक गद्दार ठरतो. मी बूडिनॉटच्या तहाच्या बाजूचा नाही. पण रॉस यांनी तोंड बंद केलं ते चुकीचं होतं असं माझं मत आहे. वाद छापला असता, तर बूडिनॉटला बहुसंख्य लोकांचं उत्तर उघड्यावर मिळालं असतं. वाद पत्रातून हाकलला, तो बंद खोलीत गेला. आणि बंद खोलीत जॉर्जिया आणि जॅक्सन वाट बघत होतेच. २९ डिसेंबर १८३५ ला न्यू एकोटात बूडिनॉट, मेजर रिज आणि आणखी थोड्या लोकांनी पन्नास लाख डॉलर्सना सगळी जमीन लिहून दिली. निवडलेलं सरकार तिथं नव्हतं. रॉस यांनी विरोधात पंधरा हजारांवर सह्यांचा अर्ज दिला. सेनेटनं लागणाऱ्या दोन-तृतीयांशापेक्षा एक मत जास्त देऊन तह मंजूर केला. फिनिक्सचा छापखाना १८३५ मध्येच जॉर्जियाच्या शिपायांनी उचलून नेला होता.

परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला मरण, असा चेरोकींचा लेखी कायदा १८२९ चा. २२ जून १८३९ ला पश्चिमेत बूडिनॉट, मेजर रिज आणि त्याचा मुलगा जॉन रिज, तिघांनाही एकाच दिवशी मारलं. खटला झाला नाही. एवढी कोर्टं उभारलेल्या राष्ट्रानं आपल्याच माणसांच्या बाबतीत कोर्ट वापरलं नाही, हे मला सलतं.

आता जोसेफ व्हॅन. चेरोकींतला बडा श्रीमंत. शंभराच्या आसपास गुलाम, विटांचं मोठं घर. जॉर्जियानं ते घर त्याच्याकडून हिसकावलं, कारण काय तर गोरा मुकादम ठेवायचा नाही हा नियम त्यानं मोडला. अन्याय? शंभर टक्के अन्याय. व्हॅन पश्चिमेला वेबर्स फॉल्सला गेला. सोबत गुलामही नेले. १८३८ च्या त्या चालीतही चेरोकींबरोबर काळे गुलाम चालले. गाड्या हाकल्या, लाकडं फोडली, आजाऱ्यांना पाणी दिलं, मेले. आपल्या बैठकीतल्या उसाशात ते नसतात.

नव्या मुलखात राष्ट्र परत उभं राहिलं. शाळा निघाल्या. आणि २२ ऑक्टोबर १८४१ ला कौन्सिलनं कायदा केला: काळ्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं नाही.

लिपीवर उभं राहिलेलं राष्ट्र. ज्याचा अभिमान काय, तर आमच्या झोपडीतला माणूससुद्धा वाचतो. त्यानं हा कायदा केला. आपल्या कानाला ही आज्ञा नवी नाही. म्हणूनच ती तिथं सापडल्यावर मला दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबर १८४२ ला, वेबर्स फॉल्सच्या वीसहून जास्त गुलामांनी मुकादमांना कोंडलं, घोडे आणि बंदुका घेतल्या आणि मेक्सिकोची वाट धरली. त्यातले बहुतेक व्हॅनचे. मेक्सिकोत गुलामगिरी नव्हती. कौन्सिलनं कॅप्टन जॉन ड्रू याच्या हाताखाली तुकडी पाठवून त्यांना पकडून आणलं. आणि डिसेंबरात हुकूम काढला की चेरोकी नागरिकांनी मोकळे केलेले नसतील असे स्वतंत्र काळे मुलखाबाहेर जावेत. चार वर्षांपूर्वी ज्यांना मुलखाबाहेर काढलं होतं त्यांनी काढलेला हुकूम. या बंडाचा कागद गुलामांनी लिहिलेला नाही. वर्षभरापूर्वीच लिहायला बंदी झाली होती.

०००

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांना दास्यातून मोकळं केल्याबद्दल. आपल्या डोक्यात त्या अर्पणपत्रिकेतला गुलाम म्हणजे गोऱ्याचा गुलाम. त्यात चेरोकींचेही गुलाम धरा. यादवी युद्धात चेरोकींत दोन तट पडले. उत्तरेच्या बाजूच्या कौन्सिलनं १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द केली. मग १९ जुलै १८६६ चा तह. त्याच्या नवव्या कलमात लिहिलंय की मोकळे झालेले गुलाम, तिथं राहणारे स्वतंत्र काळे आणि त्यांचे वंशज यांना जन्मजात चेरोकींचे सगळे हक्क. हा तह अमेरिकेनं दमदाटीनं करून घेतला, त्यात चेरोकींची जमीनही गेली. दमदाटीच्या तहात हे एक कलम. घाणीत पडलेलं म्हणून टाकून द्यायचं का? ज्याला त्या कलमानं पहिल्यांदा माणूस म्हटलं, त्याला विचारा.

शतक संपताना केंद्र सरकारनं सामाईक जमीन तोडून माणशी वाटली आणि त्यासाठी याद्या केल्या. ‘रक्ताचे’ चेरोकी एका यादीत, गुलामांचे वंशज दुसऱ्या यादीत. पाहणाऱ्या कारकुनाला जो काळा दिसला तो बहुधा दुसऱ्या यादीत, मग त्याची आजी चेरोकी का असेना. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. न्यू एकोटाच्या तहात लिहिलं होतं की नवा मुलूख चेरोकींच्या संमतीशिवाय कुठल्याही राज्यात घालणार नाही. त्या तहात प्रतिनिधीगृहातल्या प्रतिनिधीचंही कलम आहे. चेरोकी नेशननं २०१९ मध्ये आपली प्रतिनिधी नेमली, तेव्हा तहाला १८४ वर्षं झाली होती.

ती दुसरी यादी मात्र जिवंत राहिली. १९८३ मध्ये गुलामांच्या वंशजांना मतदान केंद्रावरून परत पाठवलं. २००६ मध्ये चेरोकींच्याच न्यायालयानं त्यांना नागरिक ठरवलं. त्यावर मार्च २००७ मध्ये सार्वमत घेतलं आणि मोठ्या बहुमतानं घटना बदलली: नागरिक तोच जो रक्ताच्या यादीतून आलाय. इंग्रजीत दोनच शब्द, रक्तानं. युक्तिवाद काय, तर आमचं सार्वभौमत्व. आमच्यात कोण ते आम्ही ठरवू. हा युक्तिवाद पोकळ नाही. दोनशे वर्षं वॉशिंग्टननं ठरवलं की इंडियन कोण, त्याविरुद्ध बोलायचा हक्क चेरोकींइतका कुणाला नाही. पण ज्या याद्यांवर ते उभे होते त्या वॉशिंग्टनच्याच कारकुनांनी केलेल्या होत्या.

गुलामांचे वंशज कोर्टात गेले. हातात कागद एकच, १८६६ च्या तहाचं नववं कलम. ऑगस्ट २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयानं ते कलम जसं लिहिलंय तसं वाचलं आणि त्यांच्या बाजूनं निकाल दिला. चेरोकी नेशननं अपील केलं नाही. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या स्वतःच्या सुप्रीम कोर्टानं त्याच तहाच्या आधारानं आपल्या घटनेतून आणि कायद्यांतून ते दोन शब्द काढून टाकायचा हुकूम दिला.